मळसूत्री स्प्रिंग : ताठरपणा आकाराचा, टिकाव पोलादाचा

व्यापाराच्या भरभराटीमुळे ज्या शहराविषयी ‘जालना सोने का पालना’ असे म्हटले जात असे, त्या शहराची आजची ओळख सोन्यापेक्षा लोखंडाशी अधिक निगडित आहे. जालना एमआयडीसीतील इंडक्शन भट्ट्यांमध्ये भंगार व स्पंज आयर्न वितळविले जाते, त्या रसाची बिलेटे ओतली जातात, आणि रोलिंग मिलांतून बांधकामाच्या सळया बाहेर पडतात. अशा ठिकाणी यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या मनात एक साधा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. येथली १० मिलिमीटर व्यासाची सळई घेऊन ती एखाद्या दंडगोलाभोवती गुंडाळली, तर तिची स्प्रिंग होईल काय?

प्रश्न बालिश वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्या उत्तरात स्प्रिंगेच्या निवडीचे बहुतेक मर्म साठविलेले आहे. आकार अचूक ठेवल्यास ही स्प्रिंग ताठरपणाच्या बाबतीत उत्तमोत्तम स्प्रिंग-पोलादाच्या स्प्रिंगेच्या जवळजवळ बरोबरीची ठरेल. आणि असे असूनही पहिल्याच पूर्ण भाराखाली ती निकामी होईल. या दोन विधानांत विरोध नाही, हे ध्यानात येण्यासाठी स्प्रिंग दाबली असता तारेत नेमके काय घडते ते प्रथम पाहिले पाहिजे.

मळसूत्री स्प्रिंग दाबली असता तिची तार दाबली जाते अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तार दाबली जात नाही. ती पिळली जाते. स्प्रिंगेच्या अक्षावरून खाली येणारा भार तारेच्या कोणत्याही छेदापासून वेढ्याच्या त्रिज्येइतक्या अंतरावर असतो. भार गुणिले त्रिज्या एवढे परिबल त्या छेदावर कार्य करते आणि तारेला तिच्या स्वतःच्या अक्षाभोवती पीळ देते. सबब मळसूत्री स्प्रिंग म्हणजे पीळ सोसणारी एक लांब सरळ सळईच होय. जागा वाचावी म्हणून ती गुंडाळलेली असते, एवढेच.

हे आकड्यांनी पडताळता येते. तारेचा व्यास १० मिलिमीटर, वेढ्याचा मध्य व्यास ६० मिलिमीटर व कार्यकारी वेढे ६ अशी एक स्प्रिंग घेऊ. या सहा वेढ्यांतील तारेची लांबी सुमारे ११३१ मिलिमीटर भरते. आता तेवढ्याच लांबीची सरळ सळई एका टोकाला घट्ट आवळून दुसऱ्या टोकाला ३० मिलिमीटरचा आडवा दांडा बसविला आणि त्यावर २००० न्यूटन, म्हणजे सुमारे २०४ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला, तर सळईला सुमारे ५० अंशांचा पीळ बसेल आणि दांड्याचे टोक सुमारे २६ मिलिमीटर सरकेल. प्रत्यक्ष स्प्रिंगही २००० न्यूटन भाराखाली तेवढीच, म्हणजे सुमारे २६ मिलिमीटरच दबते. दोन्ही ठिकाणी क्रिया एकच आहे.

भार व विस्थापन यांचे प्रमाण कायम राहते हा नियम रॉबर्ट हुक याने १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवून ठेवला होता आणि १६७८ मध्ये उलगडून प्रसिद्ध केला. मळसूत्री स्प्रिंगेस तो लावला असता पुढील सूत्र मिळते.

ताठरपणा = (दृढता गुणांक × तारेच्या व्यासाचा चतुर्थ घात) ÷ (८ × वेढ्याच्या मध्य व्यासाचा घन × कार्यकारी वेढ्यांची संख्या)

दृढता गुणांक दर चौरस मिलिमीटरला ८०,००० न्यूटन धरल्यास वरील स्प्रिंगेचा ताठरपणा दर मिलिमीटरला सुमारे ७७ न्यूटन येतो. या सूत्रात पोलादाच्या वतीने एकच राशी आलेली आहे, ती म्हणजे दृढता गुणांक. आणि तो पोलादापोलादात फारसा बदलत नाही. अणूंमधील बंधांच्या ताठरपणावर तो अवलंबून असतो. कार्बन थोडा अधिक घातला, पोलादास पाणी दिले अथवा ते उतरविले, म्हणून त्या बंधांत लक्षणीय फरक पडत नाही. म्हणूनच जालन्याच्या सळईची स्प्रिंग आणि क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची स्प्रिंग ताठरपणाच्या यंत्रावर ठेवल्यास सुरुवातीच्या अल्प भाराला दोघींचे आकडे सारखेच येतील. ‘कडक पोलाद वापरा, स्प्रिंग कडक होईल’ हा कारखान्यांतून नेहमी ऐकू येणारा सल्ला यास्तव चुकीचा आहे. स्प्रिंग कडक हवी असल्यास तार जाड करावी, वेढा लहान करावा किंवा वेढ्यांची संख्या घटवावी. हे तीनही आकाराचे विषय होत.

पोलादाचा प्रश्न उपस्थित होतो तो प्रतिबलाचा विचार सुरू झाल्यावर. साध्या पिळाच्या हिशेबाने २००० न्यूटन भाराखाली वरील तारेच्या पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३०६ न्यूटन कर्तन प्रतिबल येते. परंतु तार सरळ नसून वळलेली असते. वेढ्याच्या आतल्या बाजूचे तंतू बाहेरच्या तंतूंपेक्षा आखूड असल्याने तेवढ्याच पिळात त्यांच्यावर अधिक ताण पडतो. शिवाय भाराचे सरळ कर्तनही त्यात मिळते. वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंते ए. एम. वाल यांनी १९२९ मध्ये या दोन्हींचा समावेश करणारा दुरुस्ती-गुणक मांडला. वेढ्याचा मध्य व्यास व तारेचा व्यास यांचे गुणोत्तर सहा असलेल्या आपल्या स्प्रिंगेसाठी तो सुमारे १.२५ येतो, आणि आतल्या बाजूचे खरे प्रतिबल ३८३ वर जाते.

आता सळईकडे वळू. भारतीय मानक १७८६ नुसार ‘एफई ५००’ प्रतीच्या सळईचे पराभव प्रतिबल, म्हणजे ज्याच्या पुढे पोलाद ताणातून मुक्त केले तरी पूर्ववत होत नाही ते प्रतिबल, किमान ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावे लागते. हा आकडा सरळ ताणाचा आहे. पिळात त्याचा सुमारे ५८ टक्के भागच उपयोगी पडतो, म्हणजे साधारण २९०. स्प्रिंगेतील प्रतिबल तर वालची दुरुस्ती न लावताही ३०६ आहे. भार काढून घेतल्यावर ही स्प्रिंग मूळ लांबीवर परत येणार नाही. कारागीर या अवस्थेस ‘स्प्रिंग बसली’ असे म्हणतात. शब्द नेमका आहे; ग्रंथांतील कोणत्याही परिभाषेपेक्षा तो अधिक बोलका आहे. त्यातही सळई तापवून गुंडाळली तर परिस्थिती आणखी बिघडते. मिलमधून निघताना पाण्याच्या फवाऱ्याने सळईच्या बाह्य थरास जो कणखरपणा आलेला असतो, तो गुंडाळण्यासाठी लाल होईपर्यंत तापविल्यावर नाहीसा होतो, आणि मग ५०० चा आकडाही हाती राहत नाही.

यावरून सळई कमी प्रतीची आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. सळईकडून अपेक्षा उलटी असते. भूकंपात किंवा अतिरिक्त भारात ती तुटण्यापूर्वी पुरेशी ताणली जावी, बांधकामाच्या जागी थंड स्थितीत वाकविता यावी, तिला वेल्डिंग करता यावे, यासाठी तिच्यातील कार्बन ०.३० टक्क्यांहून अधिक नसावा असा दंडक आहे. तुटण्यापूर्वी १२ टक्के तरी लांबली पाहिजे अशीही अट आहे. स्प्रिंगेला हे लांबणे नको असते. तिला पराभवाची मर्यादा जितकी दूर नेता येईल तितकी हवी असते, आणि त्यासाठी कार्बन साधारण अर्ध्या टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत ठेवावा लागतो. जाड तारेच्या स्प्रिंगांसाठी सिलिकॉन-मँगॅनीज अथवा क्रोम-व्हॅनेडियम पोलाद घेऊन ते तापवितात, तेलात विझवितात आणि मग बेताच्या उष्णतेने त्याचा ठिसूळपणा उतरवितात. बारीक तारेचे बळ मुख्यतः थंड स्थितीत साच्यांतून पुनःपुन्हा ओढण्यामुळे येते. भारतीय मानक ४४५४ मध्ये अशा तारांच्या प्रती दिलेल्या आहेत. चांगल्या रीतीने संस्कारित केलेल्या स्प्रिंग-पोलादाची पिळातील मर्यादा ६०० च्या पुढे सहज जाते, आणि मग आपल्या स्प्रिंगेतील ३८३ हा आकडा निर्धास्त ठरतो.

मग जालन्यातील भट्ट्यांतच अधिक कार्बनचे पोलाद वितळवून स्प्रिंगेची तार का ओढू नये? कार्बन वाढविणे अवघड नाही. अडचण आहे ती पोलादाच्या निर्मळपणाची. इंडक्शन भट्टी हे मुख्यतः वितळविण्याचे साधन आहे, शुद्धीकरणाचे नव्हे. भंगारातून आलेले तांबे व कथील पोलादात तसेच राहतात, फॉस्फरस व गंधक यांवरही तेथे फारसा ताबा चालत नाही, आणि मळीचे सूक्ष्म कण अडकून राहतात. सळईच्या कामात असा एखादा कण कोणाच्या ध्यानातही येत नाही. लक्षावधी वेळा पिळल्या जाणाऱ्या तारेत मात्र तोच कण भेगेचे बीज ठरतो. भट्टीनंतर लॅडलमध्ये वेगळे शुद्धीकरण व निर्वात संस्कार केल्यास हा दोष बराच कमी करता येतो. तो खर्च सळईच्या भावात बसत नाही, हे उघड आहे.

स्प्रिंगेचे ‘बसणे’ किती गंभीर ठरू शकते याचे उदाहरण याच भट्ट्यांच्या छताखाली सापडते. वितळलेल्या पोलादाचे लॅडल उचलणाऱ्या क्रेनचा ब्रेक बहुधा स्प्रिंगेने लागतो आणि विजेने सुटतो. वीज चालू असताना थ्रस्टर स्प्रिंगेस दाबून धरतो व ब्रेकचे जबडे उघडे राहतात. वीज गेली की स्प्रिंग मोकळी होऊन जबडे चाकावर आवळते. योजना शहाणपणाची आहे, कारण वीज दगा देऊ शकते असे तीत गृहीत धरलेले असते. स्प्रिंग दगा देणार नाही, असेही मात्र तीत गृहीत धरलेले असते.

आपलीच स्प्रिंग अशा ब्रेकात बसविली आहे असे समजू. तिची मोकळी लांबी ११५ मिलिमीटर असून ब्रेक लागलेल्या स्थितीत ती ८९ मिलिमीटरवर असते. म्हणजे २६ मिलिमीटर दबून सुमारे २००० न्यूटन जोर देते. काही काळाने ती ४ मिलिमीटर बसली. आता ८९ मिलिमीटर लांबीला ती केवळ २२ मिलिमीटर दबलेली राहील आणि जोर सुमारे १७०० न्यूटनांवर येईल. ब्रेकचे परिबल त्याच प्रमाणात, म्हणजे १५ टक्क्यांनी घटेल. ही स्प्रिंग काढून तिचा ताठरपणा मोजला तर आकडा पूर्वीचाच, ७७ येईल. कारण तार, व्यास व वेढे बदललेले नाहीत. तपासनीस ती निर्दोष ठरवून परत बसवील. यासाठीच जबाबदारीच्या कामाच्या स्प्रिंगेची मागणी नोंदविताना केवळ ताठरपणा देणे पुरेसे नाही. ‘८९ मिलिमीटर लांबीला इतका भार, इतक्या सवलतीसह’ असे लिहिले पाहिजे, आणि शक्य तर दुसऱ्या एका लांबीचा भारही द्यावा. चांगला उत्पादक अशी स्प्रिंग देण्यापूर्वी तिचे वेढे एकमेकांस टेकेपर्यंत ती काही वेळा दाबतो, म्हणजे जे थोडेफार बसावयाचे ते कारखान्यातच बसून जाते. त्यानंतर मोकळी लांबी नोंदवून ठेवावी. पुढील प्रत्येक तपासणीत हीच नोंद उपयोगी पडते, आणि ती घेण्यास साध्या मोजपट्टीखेरीज काही लागत नाही.

जुना नमुना दाखवून नवी स्प्रिंग करून घेण्याची रूढ पद्धत या दृष्टीने धोक्याची आहे. बसलेल्या स्प्रिंगेची लांबी मोजून नवी केली तर नवी स्प्रिंग जन्मतःच आखूड होते. व्यासाच्या मोजमापातील किरकोळ चूकही किरकोळ राहत नाही, कारण सूत्रात व्यासाचा चतुर्थ घात आहे. १० ऐवजी बाजारात मिळाली म्हणून ९.५ मिलिमीटरची तार घेतली आणि मध्य व्यास तोच ठेवला, तर ताठरपणा १८ टक्क्यांहून अधिक घटतो, आणि तेवढ्याच भाराखालचे साधे पिळाचे प्रतिबल सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. याच जातीची दुसरी सवय म्हणजे जागेत बसत नाही म्हणून स्प्रिंगेचे दोन वेढे गॅसने कापणे. सहा कार्यकारी वेढ्यांचे चार झाले की ताठरपणा दीडपट होतो. शिवाय ज्योतीजवळच्या वेढ्याचा संस्कार बिघडतो तो वेगळाच.

स्थिर भार सोसणाऱ्या स्प्रिंगेचा विचार येथपर्यंत झाला. बहुतेक यंत्रांत भार स्थिर नसतो. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिकोची स्थापना केली. तेव्हापासून बियाणे हा या परिसराचा एक मोठा उद्योग होऊन बसला आहे, आणि बियाणे निवडण्याच्या कामी थरथरत्या चाळण्या लागतात. अशी एखादी चाळणी मिनिटाला ९०० कंपनांची असून ती स्प्रिंगांवर टेकविलेली आहे असे धरू. स्प्रिंगा किती मऊ असाव्यात हे ठरविण्याचा मार्ग सुटसुटीत आहे. चाळणीच्या वजनाने स्प्रिंगा १० मिलिमीटर दबत असतील तर त्या व्यवस्थेची स्वाभाविक कंपने सेकंदाला सुमारे ५, म्हणजे मिनिटाला ३०० असतात. चालक गती तिच्या तिप्पट असल्याने थरथरीच्या जोराचा सुमारे आठवा भागच जमिनीत उतरतो. स्प्रिंगा अधिक कडक घेऊन त्या केवळ २ मिलिमीटर दबतील अशा केल्या, तर स्वाभाविक कंपने मिनिटाला ६७० च्या आसपास जातात आणि जमिनीत उतरणारा जोर कमी होण्याऐवजी मूळ जोराहून वाढतो. चाळणीच्या खालची फरशी तडकली म्हणून आणखी कडक स्प्रिंगा बसविणे हा उपाय नसून रोगच होय. सुरू होताना व थांबताना यंत्र ३०० च्या गतीतून जाते त्या क्षणी चाळणी जोराने हेलकावते. त्यासाठी स्प्रिंगेभोवती पुरेशी जागा मोकळी ठेवावी लागते.

अशा स्प्रिंगेचे आयुष्य धातूच्या शिणवट्यावर अवलंबून असते. मिनिटाला ९०० या हिशेबाने आठ तासांच्या एका पाळीत ४ लक्ष ३२ हजार आवर्तने होतात. एक कोटीचा आकडा चोवीस दिवसांच्या आत ओलांडला जातो. म्हणजे येथे मर्यादित आयुष्याची स्प्रिंग ही कल्पनाच अप्रस्तुत आहे. प्रतिबलाचा चढउतार इतका कमी ठेवला पाहिजे की भेग सुरूच होऊ नये. भेग बहुधा वेढ्याच्या आतल्या पृष्ठभागावर, वालच्या गुणकाने दाखविलेल्या जागी उगम पावते आणि तारेच्या अक्षाशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून पुढे सरकते; तुटलेली स्प्रिंग हाती घेतल्यास हा तिरपा छेद साध्या डोळ्यांना दिसतो. गंजाचा खड्डा, साच्याचा ओरखडा, तापविताना पृष्ठभागातील कार्बन जळून झालेला मऊ थर, यांपैकी काहीही तिला पुरते. पृष्ठभागावर पोलादी छऱ्यांचा मारा करून तेथे दाबाचे प्रतिबल साठवून ठेवल्यास भेगेला उघडण्यास वाव राहत नाही, आणि स्प्रिंगेचे आयुष्य पुष्कळ वाढते.

गंजाच्या भीतीने जस्ताचा मुलामा देण्याची प्रथा आहे. उच्च बळाच्या पोलादात विद्युत्-मुलाम्याच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि स्प्रिंग काही तासांनी वा दिवसांनी, भार न वाढताही, अचानक मोडते. मुलाम्यानंतर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजून तो हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. हे काम झाले किंवा नाही हे स्प्रिंगेच्या रूपावरून कळत नाही, म्हणून मागणीपत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख असावा. उष्णतेचेही असेच आहे. साधी थंड ओढलेली कार्बन-पोलादाची तार सुमारे १२० अंशांपलीकडे हळूहळू आपला जोर सोडू लागते. भट्टीच्या किंवा तप्त बिलेटांच्या शेजारी असलेल्या यंत्रात ती वापरणे म्हणजे वर वर्णिलेले ‘बसणे’ मुद्दाम ओढवून घेणे होय. तेथे क्रोम-सिलिकॉन पोलाद घ्यावे, अथवा स्प्रिंगेची जागाच बदलावी. दुसरा मार्ग बहुधा स्वस्त पडतो.

भूमितीच्या आणखी काही मर्यादा थोडक्यात सांगता येतील. वेढ्याचा मध्य व्यास तारेच्या चौपटीहून लहान घेतल्यास गुंडाळताना तारेवर फार जुलूम होतो, आणि बारापटीहून मोठा घेतल्यास स्प्रिंग लडबडीत होऊन एकीत एक अडकते. मोकळी लांबी मध्य व्यासाच्या सुमारे चौपटीहून अधिक असेल तर दाबताना ती कुशीला वाकते; मग आत दांडा किंवा बाहेर नळी द्यावी लागते. दोन्ही टोकांचे वेढे मिटवून घासलेले असावेत, आणि ते कार्यकारी वेढ्यांत मोजू नयेत.

ताणाच्या व पिळाच्या स्प्रिंगांविषयी नावांचा घोटाळा होतो. ताणाच्या स्प्रिंगेतही तार पिळलीच जाते. उलट जिला पिळाची स्प्रिंग म्हणतात, कपड्यांच्या चिमट्यातील स्प्रिंगेसारखी, तिच्या तारेवर पीळ नसून वाक असतो. त्यामुळे तिच्या हिशेबात दृढता गुणांकाऐवजी यंगचा गुणांक घ्यावा लागतो. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या स्प्रिंगेच्या कल्टिव्हेटरमध्ये दाता दगडाला अडला की मागे झुकतो आणि दगड ओलांडताच स्प्रिंग त्यास जागेवर आणते. जेथे हे काम ताणाच्या स्प्रिंगेकडे असते तेथे वेढे शाबूत राहून आकडाच तुटलेला आढळतो. आकड्याच्या वळणावर पीळ व वाक एकत्र येतात, आणि वळण जितके आखूड तितके तेथील प्रतिबल अधिक. अशा स्प्रिंगेची मागणी करताना वळणाची त्रिज्या मोठी मागावी, आणि हंगामाअखेर अवजार धुऊन ठेवताना पहिली भेग तेथेच शोधावी.